कालिंदीने धरलेला डूख

डिलाईल रोडच्या चाळीत डूख धरणारी माणसं काही कमी नव्हती, पण कालिंदीसारखा तो कुणी जपला नाही. तिचे वडील रामजी गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. अंधुक दिसायला लागलं म्हणून ते दादरच्या डॉक्टर विजयकरांकडे गेले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर उजव्या डोळ्यासाठी 'आर. ई.', डाव्यासाठी 'एल. ई.' आणि पुढे आकडे खरडले. तसा चष्मा झाला आणि रामजींना तुटलेला धागाच दिसेना. कापड खराब होतंय म्हणून गिरणीने त्यांना घरी बसवलं. पुढे दुसऱ्या दवाखान्यात कळलं, की विजयकरांनी उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला लिहिला होता आणि डाव्याचा उजव्याला.

कालिंदी चिठ्ठी घेऊन जाब विचारायला गेली. डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "ही आमची अक्षरं आहेत. तुला कळून काय करायचंय?"

बस, तिथेच ठिणगी पडली. मॅट्रिक होताच ती गिरगावातल्या चष्म्याच्या दुकानात लागली आणि असली सगळी अक्षरं तिने घोटून घेतली. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ती घसा बसेस्तोवर घोषणा द्यायची, पण मनातल्या मनात मुर्दाबाद व्हायचे ते विजयकर.

अठ्ठावन्न साली परळला डोळे तपासायला शिकवणारी शाळा निघाली. मुख्य कोण, तर हेच विजयकर. अर्जासोबत 'मला हे का शिकायचंय' असा निबंध मागितला होता, मराठीत चालणार होता. त्यांचीच अक्षरं त्यांच्या तोंडावर मारायची म्हणून कालिंदीने निबंधात 'आर. ई.', नजरेचं 'व्ही. ए.', भिंगाचं 'सिलिं.' असं सगळं ठासून भरलं आणि मोठ्या तोऱ्यात तो वडिलांना वाचून दाखवला.

रामजींनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "चेडवा, ह्यात मी खंय आसय?"

ह्यात मी कुठे आहे, असं बापाने विचारल्यावर कालिंदीला आधी त्यांचाच राग आला, मग स्वतःचा. बापाचा डोळा विजयकरांनी दोन अक्षरांत गुंडाळला होता, आणि आज तिनेही तेच केलं होतं. तिने कागद फाडला आणि नव्याने लिहायला घेतलं. उजवा डोळा, डावा डोळा, साचा, गेलेली नोकरी आणि डॉक्टरांचं नाव, सगळं पूर्ण शब्दांत. आडोसा म्हणून एक अक्षर ठेवलं नाही.

मुलाखतीला तिघे बसले होते. निबंध तिघांनीही वाचला होता, आणि बाकीचे दोघे विजयकरांकडे बघत होते.

"चूक माझी होती," विजयकर खालच्या आवाजात म्हणाले. "पण प्रवेश मिळाला तर दोन वर्षं मीच शिकवणार आहे. चालेल तुम्हाला?"

"त्यासाठीच आलेय," कालिंदी म्हणाली. "रोज तुमच्यासमोर बसेन."

बाकीच्या दोघांनी प्रवेश दिला. ती पहिल्या बाकावर बसली, आणि माफ मात्र तिने कधीच केलं नाही. विजयकर फळ्यावर डोळ्यांचं चित्र काढून उजवा-डावा सांगायचे, तेव्हा आधी तिच्याकडे बघायचे. ती मान हलवेपर्यंत वर्ग पुढे सरकत नसे.