बुधवारचा तास

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला पंधरा वर्षांत बाकी सगळं सांगून झालं, हे तेवढं राहिलं. राहिलं कसलं — मी राहू दिलं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

मी सिन्नरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. मुलं मला मानतात. मॅडम खरं तेच सांगतात, असं म्हणतात. ते ऐकलं की मी फळ्याकडे वळते.

गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवची असेल. मी नाशिकला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजात विज्ञानाच्या मुलांना आठवड्यातून दोन जादा तास असायचे, मंगळवारी आणि बुधवारी. तत्त्वज्ञान, धर्म आणि विज्ञान यांची तोंडओळख. मार्क थोडेच, त्यामुळे अर्धी मुलं कँटीनला असायची. शिकवायला गुप्ते मॅडम होत्या. देवळाली कॅम्पहून बसने यायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे कॉलेजने उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं. तिशीच्या असतील. धड्यापेक्षा प्रश्नच जास्त विचारायच्या.

आणि मी? मी त्यांचा शब्द न् शब्द उतरवून घ्यायचे. माझी वही वर्गात फिरायची. त्यांनाही ते माहीत होतं.

एकदा त्यांनी विचारलं, श्रद्धा म्हणजे काय? मी उभी राहून गाइडमधलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं. त्या हसल्या. "हे पाठ आहे, सुनंदा. तुमच्या घरची फुलं रोज देवळात जातात ना? तुला स्वतःला काय वाटतं, ते सांग."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, दोन रुपयांचा गजरा द्या म्हणावं." वर्ग हसला.

आमचा मळा मखमलाबादला. आई पहाटे फुलं घेऊन बाजारात बसायची. वर्गात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं; मॅडमना फॉर्मवरून कळलं असावं. त्यांनी हसणाऱ्याला बाहेर काढलं, मला नंतर बोलावून, माझं चुकलं, असंही म्हणाल्या. तरी माझा तो राग गेला नाही. मला पुढे जे सांगायचंय त्याला हे कारण म्हणून पुरतं का? नाही पुरत. एवढ्याशा गोष्टीवरून मी ते केलं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते आहे.

दिवाळीच्या आधी एका पालकाने प्राचार्यांकडे तक्रार केली — गुप्ते मॅडम मुलांना देव नाही असं शिकवतात. झालं होतं असं, की मंगळवारच्या तासाला मॅडमनी देवाविरुद्धचे सगळे युक्तिवाद मांडले होते. देव दयाळू असेल तर भूकंपात झोपलेली लेकरं का मरतात, इथपर्यंत. मुलं घरी जाऊन तेवढंच बोलली.

पण बुधवार होता ना. बुधवारी त्यांनी दुसरी बाजू मांडली. श्रद्धावान माणसांनी या प्रश्नांना काय काय उत्तरं दिली, आणि विज्ञान कुठे थांबतं. म्हणाल्या, दगड किती वेगाने पडला ते विज्ञान सांगेल. तो ज्याच्या डोक्यात पडला त्याच्या आईला काय सांगायचं, ते सांगणार नाही. शेवटी म्हणाल्या, "मला स्वतःला उत्तर माहीत नाही. तुम्ही शोधा." इतकं सरळ बोलणारं शिक्षक माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आजही तो तास मला तोंडपाठ आहे.

प्राचार्यांनी शिपायाकडून निरोप धाडला, तुझी वही उद्या घेऊन ये. बाकीच्यांच्या वह्या कोऱ्याच होत्या, किंवा कुणाला काही आठवत नव्हतं.

त्या दुपारी घरी आले. आई पडवीत शेवंती निवडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले, वही उघडली आणि बुधवारची दोन पानं फाडली. सावकाश, कडेने. मधे पिना असलेली वही होती, त्यामुळे जोडीची दोन पानं सुटली. ती मी खळ लावून परत चिकटवली, वर पाटा ठेवून वाळवली. हे एवढ्यासाठी सांगते, की रागाच्या भरात झालं असं म्हणायला मला जागा नाही. खळ वाळायला वेळ लागतो.

"काय फाडती गं?" आईने विचारलं.

"चुकलं व्हतं."

"लय चुकलं व्हतं का?"

मी हो म्हटलं. पानं बंबात घातली.

प्राचार्य वाईट नव्हते. त्यांनी वही नीट वाचली. मग म्हणाले, "मंगळवारनंतर मॅडमनी यावर पुढे काही सांगितलं का?"

मी म्हटलं, "माझ्या वहीत एवढंच आहे, सर."

खोटं नव्हतं ना ते? वहीत तेवढंच होतं. मी कितीतरी वर्षं या वाक्याला धरून बसले होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गुप्ते मॅडम दिसल्या नाहीत. तो तास गणिताच्या सरांना दिला, ते पोर्शन भरून काढायचे. कुणी फारशी चौकशी केली नाही. मीही नाही.

दहा-अकरा वर्षांनी देवळाली कॅम्पच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेले होते. बाजारात बसची वाट बघत उभी होते, तर मागून हाक आली. सुनंदा ना तू? केस पांढरे झाले होते, आवाज तोच. घरीच लहान मुलांच्या शिकवण्या घेत होत्या. त्यानंतर कॉलेजात पुन्हा मिळालं नाही, म्हणाल्या, आणि लगेच विषय बदलला. मी शिकवते हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. माझा हात धरून ठेवला त्यांनी.

मग म्हणाल्या, "प्राचार्यांना मीच सांगितलं होतं, सुनंदाची वही मागवा म्हणून. म्हटलं, तिच्यात सगळं असतं."

मला हे माहीत नव्हतं.

"बुधवारी तू आली नव्हतीस बहुतेक," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघत होत्या. थांबल्या होत्या.

आता सांगायचं होतं. याहून सोपं कुणी करून दिलं असतं? बाजारात ओळखीचं कुणी नव्हतं, माझी नोकरी कायम झाली होती, आई-वडिलांना कुणी काही विचारणार नव्हतं. आणि मी म्हटलं, "हो मॅडम. ताप होता मला."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि हात सोडला.

बस सिन्नर फाट्याला आली तेव्हा लक्षात आलं, की त्या तासाची हजेरी मॅडम स्वतः घ्यायच्या. दर तासाला, नाव घेऊन. त्यांना आठवत होतं का? आठवत असूनही मला बोलायची जागा करून दिली का? मला ठाऊक नाही. त्यांचं घर कुठे आहे ते त्यांनी सांगितलं होतं. मी गेले नाही. देवळालीला नंतर दोनदा परीक्षक म्हणून बोलावणं आलं, दोन्ही वेळा नकार कळवला.

मला ताप नव्हता. बुधवारी मी वर्गात होते. खिडकीशेजारी, दुसऱ्या बाकावर. सगळं ऐकलं होतं, सगळं लिहून घेतलं होतं.