ठमीचं बाकी राहिलेलं लगीन

शिरगावच्या नलू राऊत यांना बोईसरच्या समुपदेशन केंद्रात सगळे नलूताई म्हणत. केंद्र म्हणजे पोलीस ठाण्याच्या मागची एक खोली, एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधूनच चालणारा पंखा. नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई समोर बसली की नलूताई आधी पाणी देत, मग खुर्ची टेबलाच्या आडून काढून तिच्या शेजारी घेत. त्यांनी स्वतःला दोन नियम घालून घेतले होते. घर सोड किंवा परत जा, यातलं काहीच आपल्या तोंडून सांगायचं नाही, फक्त विचारायचं, "तुला काय हवंय?" आणि तिला विचारल्याशिवाय तिच्या घरातल्या कुणाशी बोलायचं नाही. इतक्या वर्षांत या दोन नियमांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. ठमी आली तेव्हा मात्र दोन्ही डळमळले.

ठमी त्यांच्या जुन्या ओळखीची. सफाळ्याच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वारली पाड्यावरची. देवूबरोबर तिने आयुष्याची उमेदीची वर्षं काढली. भात लावला, वीटभट्टीवर गेली, एक मुलगी वाढवली. देवू दारू प्यायला की हाताला लागेल ते फेकून मारायचा. शेवटी एकदा कोयत्याचा दांडा तिच्या कानावर बसला आणि त्या कानाने तिला कमी ऐकू येऊ लागलं. तेव्हा ती मुलीला घेऊन बोईसरला आली. सरावलीच्या एका चाळीत राहून कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. देवूने तिच्या जवळपास फिरकू नये असा कोर्टाचा आदेश नलूताईंनीच मिळवून दिला होता. ती लढाई सोपी नव्हती. देवूच्या वकिलाने विचारलं होतं की हिचं लग्न तरी कुठे झालंय? खरंच झालं नव्हतं. पाड्यावर पुष्कळ जोडपी अशीच राहतात. सोय होईल तेव्हा लग्न करू म्हणतात, आणि सोय होईतो मुलं मोठी होतात. नलूताईंनी शेजारपाजारचे साक्षीदार उभे केले, हे दोघं नवरा-बायकोसारखेच राहत होते हे पटवून दिलं. लग्नावाचून काही अडत नाही, हे त्या दिवशी कोर्टात सिद्ध झालं म्हणून त्यांना केवढा आनंद झाला होता.

आणि आता ठमी समोर बसून सांगत होती की तिला देवूशी लग्न करायचंय.

नलूताईंना वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. ठमीने समजावून सांगितलं. मुलीचं, दीपिकाचं, लग्न ठरलं होतं. मुलगा तिकडच्याच पाड्यावरचा, रूपेश नावाचा, चांगला कामाचा. पण आईबापाचं लग्न बाकी असलं तर लेकीचं लावता येत नाही. आधी आईबापाला हळद लागायची, मग लेकीला. एकाच मांडवात. रूपेशच्या घरचे अडून बसलेत, असं ती म्हणाली. तेव्हा कोर्टाचा हुकूम एक दिवस उचलून ठेवता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"तुला काय हवंय?" नलूताईंनी सवयीने विचारलं.

"सांगितला ना ताय. लगीन."

या उत्तराचं काय करायचं, ते नलूताईंना कळेना. बघते म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं.

त्या रात्री शिरगावच्या घरी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांची मुलगी हेमाली शेजारच्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होती. पालघरला तिच्या ऑफिसातलाच एक मुलगा होता, हे नलूताईंना ठाऊक होतं. हेमालीनेच सांगितलं होतं. तो मुलगा कसा आहे, यापेक्षा तो "कुठे आहेस?" हे कुठल्या सुरात विचारतो, याकडेच त्यांचा कान असायचा. काम असं की चांगल्या माणसाचा आवाजही तपासून घ्यायची खोड लागली होती. ठमीच्या जागी हेमाली असती तर त्यांनी एका शब्दात नाही म्हटलं असतं, दाराला कडी घातली असती. मग ठमीला नाही म्हणायला जीभ का रेटत नव्हती? आपण तिच्या इच्छेचा मान ठेवतोय, की ती आपली मुलगी नाही म्हणून आपल्याला हे परवडतंय? दोन्ही खरं वाटत होतं, आणि दोन्ही वाटून काही उपयोग नव्हता.

याच गोंधळात त्यांनी दुसरा नियम मोडला. ठमी कंपनीत असताना त्या सरावलीला गेल्या आणि दीपिकाला गाठलं. त्यांना वाटलं होतं, मुलीने रूपेशच्या घरच्यांना समजावलं तर प्रश्न मिटेल. ठमीऐवजी मामा-मामी पुढे होऊन कार्य लावू शकतील का, असं त्यांनी विचारलं.

दीपिका गोंधळली. "रूपेशच्या घरच्यांनीच तर तसा सांगितला, मामाला बसवा म्हणून. ते कुठं अडलेत? आईच ऐकत नाय. माझ्यासाठी करते म्हणते, आन मी नको म्हणते तर रडते." मग ती हळूच म्हणाली, "ताई, तो परत मारणार नाय ना तिला?"



दुसऱ्या दिवशी ठमी केंद्रात आली ती बसायलाच तयार होईना. दीपिकाने तिला सगळं सांगितलं होतं.

"माझ्या मागारी पोरीला कशाला इचारलास?"

नलूताईंनी चूक झाली म्हणून सांगितलं. मग त्यांनाही राहवेना. रूपेशच्या घरचे अडलेत असं खोटं का सांगितलंस, हे त्यांनी विचारलंच.

ठमी पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "मला पायजे म्हटला असता तर तू काय म्हटली असतीस? येडी झाली म्हटली असतीस."

 नलूताई तसंच म्हणाल्या असत्या.

मग ठमी बोलत गेली, तुटक तुटक. पाड्यावर कुणाच्याही लग्नात धवलेरी ही जाणती बाई गाणी म्हणून लग्न लावते आणि सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं पांढऱ्या रंगातलं चित्र, लिहितात. ठमी दरवेळी तांदूळ वाटून पांढरं करून द्यायची आणि बाजूला व्हायची. तिचं लग्न बाकी होतं, तिचा हात भिंतीला लागायचा नव्हता. पुतण्यांची लग्नं झाली, भाच्यांची झाली, ती तांदूळ वाटत राहिली. आता लेकीच्या चौकालाही आपण नुसतं वाटूनच द्यायचं का, असं तिने विचारलं.

"मग त्याच्याकडे परत राहायला जायचंय का तुला?" नलूताईंनी विचारलं.

"नाय." मग म्हणाली, "तसा नाय."

कसं नाही, ते तिला सांगता आलं नाही, आणि नलूताईंना समजलं नाही. तरीही त्यांनी अर्ज केला. आदेश रद्द करायचा नाही, फक्त लग्नाच्या दिवसापुरती, पोलिसांच्या देखरेखीत सवलत द्यायची. न्यायाधीशांनी अर्ज वाचून नलूताईंकडे पाहिलं आणि हे तुम्हाला पटतंय का, असं विचारलं. बाईंची तशी इच्छा आहे, एवढंच त्या म्हणाल्या. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण सवलत मिळाली.

लग्नाच्या दिवशी नलूताई हवालदार रत्नाबाईंना घेऊन पाड्यावर गेल्या. रत्नाबाई साडीत आल्या होत्या. वाटेत म्हणाल्या, "मॅडम, माझ्या नोकरीत आरोपीच्या लग्नाला आहेर घेऊन पहिल्यांदाच चाललेय." नलूताईंना हसू आलं. ठरलं होतं ते असं: देवूच्या तोंडाला वास आला तर कार्य तिथेच थांबणार, आणि दिवस मावळायच्या आत ठमी त्यांच्याबरोबर रिक्षात बसून सरावलीला परतणार.

देवूला वास नव्हता. नलूताईंच्या डोळ्यांसमोर काही वर्षांपूर्वीचा, कोर्टातला धिप्पाड, डोळे लाल झालेला माणूस होता. मांडवात एक वाळलेला, खोकणारा म्हातारा खाली मान घालून बसला होता. त्याचा राग यायला हवा होता, तो नीट येईना, आणि येत नाही म्हणून त्या स्वतःवर चिडल्या. रत्नाबाई त्याच्यावरून नजर हटवत नव्हत्या. धवलेरीने गाणं लावलं. आधी आईबापाला हळद लागली. बायका देवूला चिडवत होत्या, नवऱ्याला मिसरूड फुटलं का बघा म्हणत होत्या. ठमी तोंडावर पदर घेऊन हसत होती, खरोखरीच्या नवरीसारखी. नलूताईंनी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

आईबापाचं लग्न लागलं, मग सवाशिणींनी ठमीला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. ठमीने बोट पांढऱ्यात बुडवलं आणि लेकीच्या चौकाची पहिली रेघ ओढली. रेघ थोडी वाकडी गेली. शेजारची म्हातारी हसली आणि तिने ती सरळ करून दिली. मागे दीपिका उभी होती. तिचं लक्ष चौकाकडे नव्हतं, बापाच्या हातांकडे होतं.

उन्हं उतरली तशा नलूताई रिक्षापाशी जाऊन उभ्या राहिल्या. ठमी येईना. रत्नाबाई बघून आल्या. ठमी पंगतीत वाढत होती, देवूच्या पानातही तिने भात वाढला होता. तो काही बोलला, ही काही बोलली, ते ऐकू आलं नाही. बोलावून आणू का, असं रत्नाबाईंनी विचारलं. नलूताईंना हो म्हणायचं होतं. तिला हाताला धरून ओढून आणावं असं वाटत होतं, हेमालीला आणलं असतं तसं. "थांबू या," त्या म्हणाल्या, आणि आपण आत्ता नियम पाळतोय की भितोय, हे त्यांना सांगता आलं नसतं.

सूर्य डोंगराआड दिसेनासा झाला तेव्हा ठमी आली. हातात पिशवी, कपाळाला हळद, बोटांच्या सांध्यांत पांढरं वाळलेलं. काही न बोलता ती दोघींच्या मधे बसली. रिक्षा सफाळ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा तिने आपला ऐकू येणारा कान नलूताईंकडे केला.

"उद्यापासना त्यो हुकूम परत चालू?"

"हो, चालू."

"मंग तो आता यायचा नाय."

"नाही यायचा."

ठमीने मान हलवली आणि बाहेर बघू लागली. तिचा जीव भांड्यात पडला होता की आणखी काही, ते नलूताईंना तिच्या पाठमोऱ्या मानेवरून ओळखता येईना. विचारावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण विचारायला त्यांच्यापाशी तो एकच, नेहमीचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर ठमीने कधीच देऊन टाकलं होतं.