नैरोबीत वेण्या घातल्या, तेव्हा ताई फोनवर होती

केनियाची तिकिटं दोघींची काढली होती, माझं आणि ताईचं. ताई म्हणजे माझी मोठी बहीण नंदा, पाचोडला दिलेली. टीव्हीवर हत्ती दिसले की ती रिमोट कुणाच्या हाती लागू द्यायची नाही. परदेश बघायचा तर हत्तींचाच, हे तिनंच ठरवलेलं. मग तिला कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली आणि ती दाजींसोबत संभाजीनगरला माझ्याकडे राहायला आली. मी तिकिटं रद्द करायला बसले, तर तिनं लॅपटॉपच बंद केला.

"मला नाय जमत, तू तर जा. दोघींनी घरात बसून काय व्हणारंय?"

"तुला अशी सोडून?"

"तुझे दाजी हायेत की. जा, मंगे. रोज फोन कर म्हंजे झालं."

डॉक्टर म्हणाले, तब्येत स्थिर आहे, जाऊन या. मी गेले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. देशात शिरायची परवानगी ऑनलाइन मिळते, पण पिवळ्या तापाची लस आधी घ्या, नाहीतर परतताना विमानतळावर अडवतात. माझी त्यासाठी मुंबईला वेगळी चक्कर झाली. आपल्याकडून मुंबईपर्यंत रात्रीची स्लीपर बस आणि पुढं सहाएक तासांचं विमान. नैरोबीची हवा आपल्या म्हैसमाळसारखी, सकाळी स्वेटर लागतो. जेवणाचे हाल होत नाहीत. तिथं चपातीला चपातीच म्हणतात, फक्त ती आपल्या पराठ्याएवढी जाड आणि तेलकट. सोबत राजम्यासारखी उसळ, परतलेली पालेभाजी आणि मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, उगाली. चहा भरपूर दुधाचा.

अंबोसेलीच्या अभयारण्यात हत्ती पाहिले. कळपच्या कळप, धूळ उडवत रस्ता ओलांडणारे. आमची जीप थांबली होती, सगळे फोटो काढत होते आणि माझ्या शेजारची सीट रिकामी होती. मी व्हिडिओ काढला खरा, पण त्यात हत्ती कमी आणि आभाळच जास्त आलं.

परतायच्या आदल्या दिवशी काही ठरलेलं नव्हतं. हॉटेलजवळच्या बाजारात पहिल्या मजल्यावर एक पार्लर दिसलं. आत पाच-सहा खुर्च्या, प्रत्येकीत एक बाई आणि तिच्या मागं वेण्या घालणाऱ्या दोघी-दोघी. गप्पा, रेडिओ, कुणी खुर्चीतच जेवतंय. मी दारात घुटमळले तशी अकिन्यी नावाची एक उंच बाई पुढं आली. डोक्याला रंगीत फडकं बांधलेलं. माझे केस हातात घेऊन इंग्रजीत म्हणाली, "फार गुळगुळीत आहेत, निसटतील. पण घालते."

बारीक वेण्यांना दिवस जातो, म्हणून जाड घालायला सांगितल्या. खर्च आपल्याकडच्या एका चांगल्या फेशियलएवढा. दुखतं मात्र. ती भांग पाडते, जेल लावते, खोट्या केसांची बट मिसळते आणि मुळापासून ओढते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती "पोले" म्हणाली. मला वाटलं, चूक झाली म्हणून माफी मागतेय. तर तसं नव्हे. समोरच्याला त्रास होतोय हे दिसलं की हा शब्द म्हणायचा, मग तो कुणामुळं का होईना.

तेवढ्यात दाजींचा व्हिडिओ कॉल आला. ताई उशीला टेकून बसली होती, डोक्याला तपकिरी स्कार्फ. केस गेल्यापासून तो तिनं कुणासमोर काढला नव्हता. माझ्यासमोरसुद्धा नाही. झोपतानाही तो असायचाच.

"अगं बया, काय चाललंय हे? मागून दाखव जरा. बोटं दाखव तिची."

अकिन्यीनं फोन बाजूच्या बाईच्या हातात दिला आणि सावकाश एक वेणी घालून दाखवली. ताई बघत राहिली. मग म्हणाली, "इचार तिला, एवढ्या जणींच्या घालती, सोताची का नाय घातली?"

मी विचारलं. अकिन्यी हसली आणि फडकं सोडलं. आत अगदी बारीक कातरलेलं डोकं. "दिवसभर लोकांचे केस ओढते. स्वतःचे कोण सांभाळणार?"

मी मराठीत सांगितलं. मग ताईनं हात वर नेला आणि स्कार्फ काढला.

मला बघवेना. अकिन्यी मात्र फोनजवळ वाकली, नीट न्याहाळलं आणि आपलं काम असल्यासारखं म्हणाली, "डोक्याचा आकार किती छान आहे. सगळ्यांचा नसतो असा."

"काय म्हणली?"

मी सांगितलं.

"व्हय का?" ताईनं डोक्यावरून हात फिरवला आणि हसली. "लई दिवसांनी वारं लागलं बघ."

मी घरी आले तेव्हा ती डोकं उघडं ठेवूनच बाल्कनीत बसलेली. माझ्या वेण्या तिनंच सोडल्या. दोन-तीन सोडल्या की दमायची, पडून राहायची, पुन्हा उठायची. मला मदत करू देत नव्हती. पंधरवड्यानं तिला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. या वेळी ती परत आली नाही.

पाचोडला नेलं. हिरवी साडी नेसवली, कुंकू लावलं. भावकीतली एक बाई ताईच्या डोक्यावरून पदर घट्ट ओढायला लागली, तसे दाजी पुढं झाले. "असू द्या वहिनी. तिनं सोता उघडं केलंया."

ओळखीच्या बायका विचारतात, आजारी माणसाला मागं ठेवून प्रवासाला जावं का? मला अजून सांगता येत नाही. ते दहा दिवस मी तिच्यापाशी असते, तर तिच्या हातचा चहा प्यायले असते, भांडले असते, पाय चेपले असते. कधी कधी सकाळी उठून आधी त्याच दिवसांचा हिशेब डोक्यात येतो. पण मी घरी असते, तर तिनं माझ्यापुढं तो स्कार्फ काढला असता, असं मला वाटत नाही.