उन्हाचं पथ्य

माझ्या आत्याशी हुज्जत घालायची तर आधी पोटभर जेवून घ्यावं. ती दमत नाही.

उभं आयुष्य तिने एका हॉटेलच्या तळघरात चादरी धुण्यात आणि इस्त्री करण्यात काढलं. उजाडायच्या आत जायची, दिवे लागल्यावर यायची. काम सुटलं त्या दिवशी तिने दारापुढे वेताची खुर्ची मांडली आणि ऊन खात बसली. ती बसलीच.

मग नाकावर एक फोड आला, तो काही बरा होईना. तपासला तर कातडीचा कॅन्सर. पसरला नव्हता म्हणून निभावलं. तो काढला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, आता ऊन खायचं नाही."

"अळणी खात जन्म गेला, बाई. एक चवीचं हाताला लागलं, तर त्याचंही पथ्य?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मी कशाला हसू? आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं. हिच्यामागे माझं आहे कोण? घरी येऊन मी खुर्ची माळ्यावर टाकली. बाईसाहेब पायरीवर बसल्या. मी पायरीवर पाणी ओतलं. त्या ओल्या पायरीवर बसल्या. उन्हासाठी महागाचं मलम आणलं, तर ते टाचांच्या भेगांना चोळलं.

"मरशील अशाने," मी म्हणाले.

"मरेन की. पण तळघरात नाही."



गेल्या महिन्यात फोड परत आला. परत काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर लख्ख ऊन पडलेलं, आणि ही नाकाला पट्टी लावून भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसलेली. म्हणाली, "धुतलेल्या चादरी असतील तर आण. घड्या घालते."

मी फोडाला भ्याले नव्हते इतकी त्या घड्यांना भ्याले.

माळ्यावरून खुर्ची काढली, पुसली, दारात मांडली. "ऊठ," म्हटलं, "कोवळं आहे तोवर." तिला बसवलं, आणि सावली नेमकी तिच्या नाकावर पडेल अशी पुढ्यात उभी राहिले. तिचे पाय उन्हात. ऊन सरकलं की मीही सरकायची. तिने डोळे मिटले आणि पायाची बोटं पसरली.

शेजारीण जाता जाता थबकली. "अगं, अशी मध्येच काय उभी?"

"दिसत नाही?" मी म्हटलं. "आत्याला भरवतेय."