तानाक्कांची साक्ष

पहिल्याच भेटीत तानाक्कांनी मला पादत्राणे काढायला लावली, हात साबणाने दोनदा धुवायला लावले आणि मग बजावले, "आता बोला अण्णा, पर हळू." टिळकवाडीतील माझ्या घरामागे एका संशोधन संस्थेची उंदीरखोली होती. तिच्या दुर्गंधीबद्दल आणि आत मुक्या जिवांच्या चालणाऱ्या छळाबद्दल मी संस्थेला पाच पत्रे धाडली होती. एकाचेही उत्तर देण्याचे सौजन्य कोणी दाखवले नव्हते. सहावे पत्र मी समक्ष वाचून दाखवणार होतो. "तुम्ही वरडला की ही दोन दिस खाईत न्हाईत, मग डॉक्टरांचं गणित चुकतंय," त्या म्हणाल्या. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवलेल्या माणसाने आपली तक्रार अखेर कुजबुजत वाचली.

तिथल्या उंदरांची देखभाल करणाऱ्या तानाक्का मूळच्या निपाणीच्या. तंबाखूच्या वखारीत त्यांनी वीस वर्षे पाला निवडला होता, आणि तोच हात त्या इथे घेऊन आल्या होत्या. डाव्या मुठीत उंदीर धरून उजवा अंगठा त्या त्याच्या बरगडीखाली अलगद फिरवीत. रक्ताचा कर्करोग झालेल्या उंदराची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगते. ती फुगू लागल्याचे सूक्ष्मदर्शकाच्या आधी त्यांच्या अंगठ्याला कळे. कसे कळते, असे विचारले तर म्हणत, "पाला वाळलाय का न्हाय हे डोळ्यानं कुठं बगतोय आमी?"

माझ्या संतापाची जागा कुतूहलाने कधी घेतली ते सांगता येत नाही. पण दर शनिवारी मी तिथे जाऊ लागलो. ते पांढरे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळात वाढवलेले, म्हणून सगळे एकसारखे. एका आजारी उंदराचे रक्त निरोग्यांना टोचायचे. मग एका डब्यातल्यांना नव्या वनस्पतीचा अर्क द्यायचा आणि दुसऱ्या डब्यातल्यांना नुसते मिठाचे पाणी. या दुसऱ्या डब्याचा अपराध काय, असा माझा रोकडा सवाल होता.

"अपराध कसला?" तानाक्का म्हणाल्या. "ह्यास्नीबी औषध दिलं, तर पयली औषधानं जगली का आपसूक जगली, हे कोन सांगनार?"

पुरावा कशाला म्हणतात हे इतक्या थोडक्यात मी कोणत्याही वकिलाच्या तोंडून ऐकले नव्हते.

पुढे माझ्या चिकोडीच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला, अकरा वर्षांच्या सुलभाला, हाच रोग झाला. मोठ्या इस्पितळाने हात टेकून तिला घरी पाठवले. त्याच महिन्यात मिठाच्या पाण्याचा डबा रिकामा झाला आणि अर्काच्या डब्यातील उंदीर मात्र नेमलेली मुदत उलटूनही हिंडत होते. जन्मभर इतरांना नियम दाखवणाऱ्या मी प्रमुख डॉक्टरांना अर्ज केला, की तो अर्क सुलभाला द्यावा. त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. अखेर आईवडिलांची लेखी संमती असल्यास विचार करू, असे कबूल केले. तो संमतीलेख मीच मुद्रांकावर तयार केला. बुधवारी सह्या व्हायच्या होत्या.

सोमवारी दुपारी तानाक्का माझ्या दारात आल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

"अण्णा, ती उंदरं बरी झालेली न्हाईत. ती आजारीच पडली न्हाईत."

हकिगत अशी होती. रोगी रक्ताची कुपी बर्फात ठेवावी लागते, आणि बर्फ आणणे हे त्यांचे काम. त्या दिवशी बर्फ संपला होता. त्यांनी ते सांगितले नाही. मिठाच्या पाण्याच्या डब्याला आधी टोचून झाले. मग डॉक्टरांना कोणी बाहेर बोलावले आणि कुपी बराच वेळ उन्हाच्या खिडकीत राहिली. तिच्यातला रोगच मेला असावा, कारण पुढे अर्काच्या डब्यातील एकाही उंदराची पाणथरी त्यांच्या अंगठ्याला लागली नाही.

इतके दिवस गप्प का राहिलात, असे मी दरडावून विचारले.

"काम जाईल म्हणून. पोरगी शिकतीया माझी. उंदरांपुरतं हुतं तवर गप बसले. आता लेकराचं नाव कागदावर आलं."

मी काय केले, तर त्याच संध्याकाळी त्यांच्या निष्काळजीपणाबद्दल कारवाईची मागणी करणारे पत्र लिहिले. आमच्या घरातील एकमेव आशा त्यांनी हिरावून नेली होती, आणि मला कोणीतरी अपराधी हवा होता. माझ्या एवढ्या पत्रांपैकी नेमकी याच पत्राची दखल घेतली गेली. बुधवारच्या सह्या थांबल्या आणि प्रयोग पुन्हा झाला. उंदीर धरायला दुसरे कोणी नव्हते म्हणून तेवढ्यापुरते त्यांना ठेवले आणि मग कामावरून काढले. या खेपेस अर्काच्या डब्यातील उंदीर मिठाच्या पाण्यावरल्यांच्याही आधी मेले.

सुलभा श्रावणात गेली, घरी, आईच्या मांडीवर. मी माझी तक्रार मागे घेणारी चार पत्रे संस्थेला पाठवली. प्रकरण निकाली निघाले आहे, एवढेच कळवण्यात आले.

मग मी निपाणीला गेलो. तानाक्का पुन्हा वखारीत लागल्या होत्या. पदराने तोंडावरची तंबाखूची धूळ पुसत त्या बाहेर आल्या. क्षमेचे शब्द मी वाटेत जुळवून ठेवले होते. पण आधी त्यांनीच विचारले,

"पोरगी शेवटाला काय खात हुती का, अण्णा?"

आदल्या दिवशी तिने आंबोळी मागितली आणि दीड आंबोळी आपल्या हाताने खाल्ली, असे मी सांगितले.

"लई झालं," तानाक्का म्हणाल्या. "त्या दुसऱ्या खेपंची अर्कावरली उंदरं शेवटाला पानीबी घेत नव्हती."