तेहतिसाव्या सारांशावरचा शेरा

तिला सगळे वकीलबाई म्हणायचे. वकिलीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. ती मातीत पीएचडी करत होती, म्हणजे मातीच्या शास्त्रात. पण कुणाच्या गाइडनं सुट्टी नाकारली, कुणाला प्रयोगशाळेत टेबल मिळेना, की ही बाह्या सरसावून हजर! त्यामुळे मातीच्या अभ्यासकांच्या परिषदेनं संशोधक विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीवर घ्यायचं ठरवलं, तेव्हा दुसरं नाव कुणाच्या तोंडी आलंच नाही. घरी बातमी सांगितली तर वडील, जे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले, म्हणाले, "प्रतिनिधी म्हणजे ते बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात बसतात, तसलं का? मग एवढी शिकलीस कशाला?" आई म्हणाली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आहे तिला. तुमच्यावर गेलीय."

आता ही परिषद काय करायची, तर वर्षातून एकदा अधिवेशन भरवायची. विद्यार्थ्यांनी आपल्या कामाचा पानभर सारांश पाठवायचा, पसंत पडला तर तिथं निबंध वाचायला मिळायचा. सारांशावर विद्यार्थ्याचं नाव आणि त्याखाली गाइडचं. परीक्षक आधी गाइडचं नाव बघायचे, मग जमलं तर पान. बड्या गाइडांची पोरं पास, बाकीच्यांना 'पुढल्या वर्षी प्रयत्न करा'. उघडउघड चालायचं हे, आणि कुणाला त्याची लाजही वाटायची नाही.

वकीलबाईनं वर्षभर कार्यकारिणीच्या नाकात दम आणला. तिची खुर्ची बाहेरच्या बोळातून आणलेली असायची, टेबलाच्या कोपऱ्याला, पण आवाज पार दुसऱ्या टोकाला पोचायचा. नावं झाका, म्हणाली. एका प्राध्यापकाबरोबर विद्यार्थी प्रतिनिधीही परीक्षक हवा, आणि दोघांपैकी एकानं जरी नाही म्हटलं तरी नाही. आणि निकाल लागला की सारांश पुन्हा वाचायचा नाही, काही झालं तरी नाही, नाहीतर बड्यांचे फोन सुरू होतात. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक होते, कानाला यंत्र लावायचे. ते म्हणाले, "बाई, मागताय ते विचार करून मागा. नियमाला डोळे नसतात." ही म्हणाली, "म्हणूनच मागतेय, सर." ठराव पास झाला. त्या संध्याकाळी सगळ्या विद्यार्थ्यांनी तिला उचलून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

त्या गर्दीत मास्तरही होते. मास्तर म्हणजे खरोखरीचे मास्तर. पंधरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मग चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडून पीएचडीला बसले. कॉलेज वेगळं, पण परिषदेच्या रांगेत ओळख झाली आणि दोघांचं जमलं. औषधाच्या जुन्या बाटल्यांत मातीचे नमुने भरायचे आणि त्यावर वळणदार अक्षरात चिठ्ठ्या चिकटवायचे. नदीकाठच्या ज्या जमिनीवर त्यांचं काम चालू होतं, तिथं एक दिवस यंत्रं आली आणि गोदामाचा पाया खणून गेली. तीन वर्षांचं काम पाण्यात. विद्यापीठानं बजावलं होतं, यंदा अधिवेशनात निबंध लागला तर मुदतवाढ, नाहीतर नोंदणी रद्द. वकीलबाईला हे ठाऊक होतं. तिनं विचारलं, "मास्तर, काय पाठवताय, दाखवा तरी." मास्तरांनी कान पकडले. "छे छे! तू परीक्षक. मला ओळखलंस तर तुझ्या नियमाचं काय?" असा सरळ माणूस.

एका रविवारी ती चाळीस सारांश घेऊन बसली. सकाळपासून. मधेच गाइडचा फोन, तुमच्या प्रबंधाचं पुढलं प्रकरण कुठंय म्हणून. दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागलं. सतराव्या नंबरचा सारांश नदीकाठच्या मातीवर होता. तिच्या मनात आलं, हेच मास्तर, उरलंसुरलं गोळा करून लिहिलंय बिचाऱ्यांनी. दोन ठिकाणी गडबड होती, तिनं तिकडे काणाडोळा केला आणि पास करून टाकलं. नाव झाकलेलं होतं, पण हिनं मनातल्या मनात लिहिलंच की!

तेहतिसावा सारांश एका शाळेच्या मैदानातल्या मातीवर होता. तक्त्यात आकड्यांपुढं एककंसुद्धा नव्हती. तिचं डोकंच फिरलं. हा नक्की कुठल्यातरी बड्या गाइडचा लाडोबा, बुटाला चिखल लागू नये म्हणून घराजवळच्या शाळेत जाऊन मूठभर माती उचलून आणली असणार! तिसऱ्या ओळीपुढं तिनं वाचलं नाही. शेरा लिहिला, "हे संशोधन नव्हे, शाळकरी प्रकल्प आहे. लेखकानं दुसरा उद्योग बघावा." आणि खरं सांगायचं तर, लिहिताना तिला बरं वाटलं.

निकालानंतर चार दिवसांनी मास्तर तिला कॅन्टीनमध्ये भेटले. खिशातून चौघडी घातलेला कागद काढून म्हणाले, "वकीलबाई, तक्रार लिहायचीय. तू आमची प्रतिनिधी, तूच लिही."

तिनं कागद उघडला. आपलंच वाक्य, छापील अक्षरात.

"नापास केलं त्याचं एक वेळ सोड," मास्तर म्हणाले. "पण दुसरा उद्योग बघा? पत्र घरी आलं, तुझ्या वहिनीनं फोडलं. संध्याकाळी म्हणाली, एवढी मोठी माणसं लिहितायत तर काहीतरी असेलच ना. माझ्यासाठी किती खस्ता काढल्यात गं तिनं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "तुझ्या जोडीचा तो कुणीतरी खडूस प्रोफेसर असणार. पुरतं वाचलंच नाही त्यानं. मला माझं काम माहीत आहे."

तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण "मी लिहिते," एवढंच म्हणाली, आणि घरी जाऊन तो सारांश पहिल्यांदा धड वाचला. चौथ्या ओळीत होतं, बारा वर्षं. मास्तरांनी शाळेतल्या मुलांना हाताशी धरून एकाच मैदानातली माती दर वर्षी, एकाच जागी, एकाच खोलीवर, बारा वर्षं तपासली होती. तिच्या स्वतःच्या गाइडकडेही सलग पाच वर्षांच्या वर काही नव्हतं. तक्त्यातली एककं खाली तळटीपेत होती. ती पंख्याखाली बसून रडली. आईनं विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय.

मग आपल्याच हातानं आपल्याविरुद्ध तक्रार लिहिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बैठकीत वाचून दाखवली आणि म्हणाली, "परीक्षक मी होते. मी वाचलं नव्हतं. सारांश पुन्हा तपासायला घ्या."

अध्यक्षांनी विचारलं, "नियम काय सांगतो, बाई?"

"पुन्हा वाचायचा नाही."

"कुणी मागितला होता?"

"मीच."

"आज हा तुमच्या ओळखीचा निघाला. उद्या माझ्या ओळखीचा निघेल. मग?" त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, हेच जास्त लागलं. तिच्या मागणीला अनुमोदन द्यायला एकही हात वर आला नाही. बड्या गाइडांचेही नाही, आणि का यावेत, त्यांचे फोन तिनंच तर बंद केले होते? फक्त शेऱ्यातलं दुसरं वाक्य मागे घ्यायचं आणि दिलगिरीचं पत्र द्यायचं ठरलं.

ते पत्र घेऊन ती स्वतः मास्तरांच्या प्रयोगशाळेत गेली. नोंदणी रद्द झाल्याचा कागद सकाळीच आला होता. मास्तर खिडकीशी उभे राहून बाटल्यांतली माती बाहेरच्या वाफ्यात ओतत होते. टेबलावर बारा वह्या सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या. पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघ! दिलगिरी व्यक्त करतायत. म्हणजे कळलं त्या गृहस्थाला, की वाचलं नव्हतं. वहिनीला दाखवतो आजच." वह्यांवर थाप मारून म्हणाले, "या घरी नेतोय. नोंदणी गेली तर गेली, काम कुठं जातंय? जूनपासून शाळेत परत रुजू होतो. दुसऱ्या कुठल्या परिषदेला पाठवीन, वय आडवं येत नाही त्याला."

इथं ती गप्प बसली असती तर! पण नाही. पोटात ठेवणं तिला जमलंच नाही कधी, आणि आता तर अजिबात सोसवेना.

"मास्तर, ते मी लिहिलं होतं."

मास्तरांनी हातातली बाटली खिडकीत ठेवली. रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर तिनं मान खाली घालून ऐकून घेतले असते. ते स्टुलावर बसले.

"तू?" म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "तू लिहिलंस, तर मग खरंच असेल."

"नाही हो मास्तर! मी वाचलंच नव्हतं. डोकं दुखत होतं, मला वाटलं कुणाचातरी लाडोबा आहे. नंतर वाचलं मी, बारा वर्षं कुणाकडे असतात हो? माझ्या गाइडकडे नाहीत. शपथ घेऊन सांगते."

"आता तुला माहीत आहे माझं आहे ते. आता तू असंच म्हणणार," मास्तर समजूत घालावी तसं बोलले. "माहीत नव्हतं तेव्हा जे वाटलं ते लिहिलंस. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी मानलं नसतं. पण तू काही कुणाचं वाईट चिंतणारी नव्हेस."

ती रडत रडत पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. ते "बरं, बरं" म्हणत राहिले. उरलेल्या बाटल्या त्यांनी रिकाम्या केल्या, हात धुतले, छत्री आणि डबा पिशवीत घातला. वह्या टेबलावरच होत्या.

"मास्तर, वह्या."

"राहू देत इथंच. शनिवारी रद्दीवाला येतो."

तिनं गठ्ठा उचलायला हात घातला, तर म्हणाले, "राहू दे गं, धूळ फार आहे त्यांवर. कपडे खराब होतील तुझे."