बंद पेटी आणि इन्स्पेक्टर वहिनी

इन्स्पेक्टर वहिनींना झाकलेली वस्तू बघवत नसे. माझ्या घरी आल्या की चपला काढता काढताच त्यांची नजर गॅसकडे जायची आणि ‘कशी आहेस’ विचारायच्या आत पातेल्यावरचं झाकण त्यांच्या हातात असायचं. “वांगं होय? मीठ कमी पडलंय गं.” मीठ नुसत्या वासावरून कसं कळतं हे मी कधी विचारलं नाही, कारण ते खरंच कमी असायचं. पातेल्यानंतर फ्रीज, फ्रीजनंतर खाऊचे डबे. मी तक्रार केली की उत्तर ठरलेलं: “अगं, उघडून बघायला काय जातंय?” त्यांचं खरं नाव सुनंदा. इन्स्पेक्टर हे नाव मी ठेवलं आणि त्यांनी ते आनंदाने घेतलं. “पगार तेवढा सुरू कर,” म्हणाल्या.

त्यांचे यजमान शिरीषदादा आणि मी एकाच संशोधन संस्थेत होतो. गाव टोकियोपासून तासाभरावर, खाडीच्या बाजूचं. टोकियोतल्या निशी-कसाईसारखी आपल्या लोकांची वस्ती तिथे नाही. मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं, तीही एकाच इमारतीत. माझं एकटीचं घर असल्यामुळे त्याच्यावर वहिनींची देखरेख जरा जास्त होती. शनिवारी आम्ही दोघी निशी-कसाईला जाऊन तूरडाळ आणि कढीपत्ता घेऊन यायचो आणि परतीच्या गाडीत सगळा डबा आमच्या हिंगाच्या वासाने शांतपणे हैराण व्हायचा. कुणी काही म्हणत नसे. त्या काही न म्हणण्याची वहिनींना चीड होती. “तोंडावर बोलावं की माणसानं. वास येतोय म्हणावं. मी पिशवी बांधून घेईन.” कराडकडच्या माणसाला मनात ठेवून बोलण्याची सवय नसते, त्याला कोण काय करणार?

शेजारच्या मोरीसानना मात्र त्यांनी जिंकलं होतं. मोरीसान निवृत्त, एकटे, इमारतीमागच्या तुकड्यात भाजी लावायचे. पहिल्यांदा ते कागदात नीट गुंडाळलेली मिठाईची पेटी घेऊन आले. जपानात दिलेली भेट देणाऱ्यासमोर उघडायची पद्धत नाही. वहिनींनी दारातच कागद फाडला, वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटून “ओईशी!”, मस्त चव आहे, म्हणाल्या. म्हातारा आधी कानापर्यंत लाल झाला आणि मग इतका हसला की मी त्याला पुन्हा तसं हसताना पाहिलं नाही. तेव्हापासून दर आठवड्याला त्यांच्या दाराच्या मुठीला मुळा, कोबी असं काहीतरी लटकलेलं असायचं.

एवढ्या सगळ्या उघडाउघडीत एकच गोष्ट वहिनींना उघडता येत नव्हती, आणि ती म्हणजे त्यांच्या मुलीचं तोंड. मिनू घरात बडबडी. मराठीत भांडायची, माझ्या केसांवर शेरे मारायची. पण दाराबाहेर पाऊल पडलं की गप्प. जपानला आली तेव्हा ती पाच वर्षांची होती. बालवाडीत गप्प, पहिलीत गप्प, दुसरी-तिसरीतही गप्प. जपानी तिला सगळं समजायचं, वहीत ती सुरेख लिहायची, पण शाळेत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. वहिनी म्हणायच्या, “मी कुठं घाई करतेय? मी फक्त रोज बघतेय.” हे सांगताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

आमच्या गावची शाळा लहान आणि जुनी. मुलं इतकी कमी की वरच्या वर्गांची कामं चौथीच्या मुलांकडेही यायची. त्यातलं एक काम म्हणजे जेवणाच्या सुट्टीतलं प्रसारण. शाळेच्या टोकाला एक छोटी खोली, तिथे एक माइक, आणि शाळाभर कर्णे. आज जेवायला काय आहे, कुणाचा वाढदिवस आहे, ते मुलांनी वाचायचं. मिनू चौथीत गेल्यावर तिच्या बाईंनी तिला न विचारता त्या खोलीत बसवलं, हातात कागद दिला आणि दार लावून त्या बाहेर उभ्या राहिल्या. खोलीत दुसरं कुणी नाही. समोर बघणारं, वाट बघणारं कुणी नाही. थोड्या वेळाने सगळ्या शाळेत एक अनोळखी आवाज घुमला: आजचं जेवण, करी राईस आणि दूध.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभ्या राहायला लागल्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. जाळीला बोटं अडकवून त्या ऐकत होत्या, मिसो सूप, भाजलेला मासा, संत्रं. “मासा म्हणाली बघ. कसा स्पष्ट म्हणाली,” म्हणून त्यांनी माझा दंड इतका दाबला की नंतर दुखत होता. काही महिन्यांत मिनू त्याच खोलीत येणाऱ्या दोन मुलींशी बोलायला लागली. आधी खोलीत, मग जिन्यात, मग अंगणात. तेवढंच, पण ती अंगणात बोलली त्या दिवशी वहिनींच्या घरी पुरण शिजलं.

आणि नेमकी ती शाळा बंद करायचं निघालं. इमारत भूकंपाला टिकेल अशी राहिली नव्हती, छत गळत होतं, माइकच्या खोलीत तर टेबलाशेजारी बादलीच ठेवलेली असायची. दुरुस्ती करायची तर गावाला कर्जरोखे काढावे लागणार आणि ते कर्ज पुढे वर्षानुवर्षं फेडावं लागणार. नाहीतर मुलांना स्टेशनजवळच्या मोठ्या शाळेत पाठवायचं. सातोसान नावाच्या निवृत्त शिक्षिकेने सह्या जमवल्या आणि शेवटी गावाने मतदान घ्यायचं मान्य केलं. कर्ज काढून शाळा दुरुस्त करावी की नाही, एवढाच प्रश्न.

आम्हाला मत नव्हतं. परदेशी माणसांना नाहीच. शिरीषदादा म्हणाले, “आपण पाहुणे आहोत, सुनंदा. उगाच पुढे पुढे करू नकोस.” वहिनी कणीक मळत होत्या. “मत नसेल. पोरगी तर आहे की,” म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सातोसानच्या घरी जाऊन पत्रकांचा गठ्ठा घेऊन आल्या. लहानपणी वडील ग्रामपंचायतीला उभे होते तेव्हा त्यांनी घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या होत्या. निवडणूक म्हणजे काय हे मला शिकवू नका, असा एकूण आव होता.

एक अट मात्र त्यांच्या गळी उतरेना. निम्म्याहून कमी लोक मतदानाला आले तर पेट्या उघडायच्याच नाहीत आणि शाळा बंदच करायची, असा नियम होता. सातोसाननी तो मला सांगितला, मी वहिनींना. “म्हणजे टाकलेली मतं मोजायचीच नाहीत?” “नाही.” “आणि जो आलाच नाही, तो?” मी म्हटलं, त्याचंच खरं होणार. “आमच्याकडं घरी बसलेला माणूस कुणाच्याच बाजूचा नसतो,” म्हणाल्या. मग पदर खोचून पुन्हा कामाला लागल्या.

महिनाभर त्या दारोदार फिरल्या. मोडकं जपानी, हातात पत्रक, पिशवीत बेसनाचे लाडू. दारं वीतभर उघडायची, पण उघडायची. कुणी नाही म्हटलं नाही. “किती कष्ट घेता,” म्हणायचे, “थंडी आहे, जपा,” म्हणायचे, कमरेत वाकायचे. विरोधात एक फलक नव्हता, एक घोषणा नव्हती. वहिनी रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन चहा घेता घेता खूश व्हायच्या. “एकही माणूस विरोधात नाही बघ.” मला तिथे राहून बरीच वर्षं झाली होती. मला त्या नम्रपणाची भीती वाटत होती आणि तसं मी एकदा म्हणालेही. “तुझा स्वभावच संशयी,” म्हणून त्यांनी माझा कुकर उघडून पाहिला.

मतदान रविवारी शाळेच्याच व्यायामशाळेत होतं. आम्ही दोघी रस्त्यापलीकडे पेयांच्या यंत्राशेजारी उभ्या होतो. लोक येत होते, मुलांना घेऊन तरुण आईबाप येत होते. पण गावात तरुण आईबाप होते किती? दुपार झाली तरी आमच्या इमारतीतले म्हातारेकोतारे दिसेनात. वहिनी निघाल्या आणि तडक मोरीसानकडे गेल्या, मी त्यांच्या मागोमाग. ते इमारतीमागे मुळे काढत होते. त्यांनी अंगातला जाड कोट, डोक्यावरची टोपी, सगळं सावकाश ठीक केलं, वहिनींना वाकून नमस्कार केला. “मोरीसान, चला ना, मी बरोबर येते दारापर्यंत,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी “आज हवा छान आहे,” म्हटलं आणि सगळ्यात जाड मुळा निवडून, नळाखाली धुऊन, दोन्ही हातांनी त्यांना दिला. मग पुन्हा वाकून मातीत बसले.

वहिनी तो मुळा कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन परत आल्या. मग म्हणाल्या, “नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते गं. भांडून आणलं असतं त्यांना.” त्या म्हाताऱ्याचा मला आजही राग येतो. कर्ज फेडायला त्यांच्या निवृत्तिवेतनातून जास्त कर कापला जाणार होता, नातवंडं दूर ओसाकाला होती, त्यांचंही काही चुकत नव्हतं. तरी येतो.

निम्म्याला थोडे कमी लोक आले. सोमवारी सकाळी वहिनी मला दुभाषी म्हणून नगर कार्यालयात घेऊन गेल्या. शिरीषदादाही नको नको म्हणत मागोमाग आले. समोर एक तरुण अधिकारी होता, बिचारा आधीच घाबरलेला. त्याच्यामागे काचेपलीकडे पेट्या ओळीने ठेवलेल्या होत्या, कुलपं लावून, वर कागदी पट्ट्या चिकटवून. वहिनींनी मला सांगितलं, “त्याला म्हणावं, निर्णय बदलू नका. शाळा बंद करायची तर करा. पण उघडून बघा. किती जण आमच्या बाजूचे होते तेवढं सांगा.” मी जमेल तितक्या आदराने ते जपानीत सांगितलं. तो खाली वाकला. नियमात बसत नाही, म्हणाला. मग या मतांचं काय करणार? काही काळ ठेवणार आणि नंतर नष्ट करणार.

“न बघता?” वहिनींनी हे मला नाही, थेट त्यालाच मराठीत विचारलं. त्यांचा हात काउंटरवरून पेट्यांच्या दिशेने पुढे गेला होता. “अहो, उघडून बघायला काय जातंय?” शिरीषदादांनी त्यांचा हात हळूच धरून खाली घेतला. अधिकाऱ्याला शब्द कळले नसतील, पण तो आम्ही जिना उतरेपर्यंत वाकलेलाच होता.

त्यानंतरच्या वर्षी मार्चमध्ये शाळा बंद झाली. शेवटच्या दिवशीचं जेवण मिनूने वाचलं. कुंपणाबाहेर आम्ही सगळे होतो, सातोसान रडत होत्या, वहिनी नाही. नव्या शाळेत सहावीला तीनेक वर्ग, गर्दी, आणि तिथे माइकच्या खोलीसाठी इच्छुक मुलांची रांग. वर्गासमोर उभं राहून, हात वर करून, मला हे काम हवं आहे असं मोठ्याने म्हणावं लागायचं. मिनूला तेच तर येत नव्हतं. एप्रिल गेला, मे गेला. जुलैपर्यंत ती पुन्हा पूर्वीसारखी गप्प झाली, आणि या खेपेला घरातही कमी बोलायला लागली. त्या वर्षाअखेरीस शिरीषदादांनी पुण्यात नोकरी धरली.

जायच्या आदल्या दिवशी तिघं माझ्याकडे जेवायला आले. मोरीसाननी निरोपाची म्हणून दिलेली मिठाईची पेटी वहिनींच्या हातात होती, कागदात होती तशीच. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. शिरीषदादा सामानाचं बोलत होते, मिनू खिडकीशी बसली होती. गॅसवर पातेलं होतं, झाकण घातलेलं, आणि मी सवयीने बाजूला सरकून त्यांना वाट दिली. वहिनी पुढे आल्या नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी लांबूनच विचारलं, “काय केलंयस गं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदा विचारला होता. मी म्हटलं, “उघडून बघा की, वहिनी.”

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तूच सांग.”

साधी मुगाची खिचडी होती. मी पातेलं झाकणासकट उचलून त्यांच्यासमोर, त्या पेटीशेजारी ठेवलं.